पाटल्या लॉकरमध्येच राहू द्या

पत्र थोडक्यात असं आहे :

‘ताई, नमस्कार. मी नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे, वय ३६. सात तारखेला ५२,००० रुपये हातात येतात. तीन वर्षांपूर्वी वडिलांची अँजिओप्लास्टी झाली, मेडिक्लेम कमी पडला आणि ९०,००० रुपये क्रेडिट कार्डावर भरले. ते फिटायच्या आत घर बदललं, डिपॉझिट द्यावं लागलं, मग मुलीची शाळा, गाडीचं काम. आज तीन कार्डांवर मिळून ३,१०,००० रुपये देणं आहे. दरमहा तिन्हींची किमान रक्कम मिळून १५,५०० भरतो. दिवाळीच्या महिन्यात एका कार्डाचं भरायचं राहिलं, तर रात्री साडेनऊला वसुलीवाल्याचा फोन आला, “घरी येऊ का?” म्हणून. एक दुकानदार अडीच टक्के घेऊन कार्ड स्वाइप करून रोख देतो, तसं करून दोनदा दुसऱ्या कार्डाचं बिल भरलं. मित्र म्हणतो, चार-सहा महिने भरूच नकोस, बँक आपण होऊन निम्म्यावर सेटलमेंटला येते. बायकोला यातलं काहीच माहीत नाही. तिच्या माहेरच्या पाटल्या आमच्या दोघांच्या लॉकरमध्ये आहेत. त्या गुपचूप गहाण ठेवून कार्डं मिटवावीत आणि वर्षभरात सोडवून परत ठेवाव्यात, असं मनात आहे. मुलीसाठी दरमहा ५,००० ची आरडी चालू आहे, तिला मी हात लावणार नाही. कारखान्याच्या पतसंस्थेतून दोन लाखांपर्यंत कर्ज मिळतं, पण दोन जामीनदार लागतात आणि चारचौघांत कळतं. काय करू? सोबत एका कार्डाचं स्टेटमेंट जोडलंय.’

नमस्कार.

पाटल्यांचं आधी सांगते. ठेवू नका. ते सोनं तुमच्या बायकोचं आहे, तिच्या एकटीचं. लॉकर दोघांच्या नावावर असला म्हणून त्यातलं सोनं दोघांचं होत नाही. स्त्रीधनावर नवऱ्याचा हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली पुन्हा एकदा स्पष्ट केलंय. पण कायदा बाजूला ठेवला तरी, वर्षभर ती जेव्हा जेव्हा ‘लग्नाला पाटल्या काढून आणूया’ म्हणेल, तेव्हा तुमच्या पोटात गोळा येणार. आणि खरं सांगू का, तुमचं पत्र दुसऱ्यांदा वाचताना कागद-पेन घेऊन बसले, तेव्हा लक्षात आलं की तुम्हाला सोन्याची गरजच नाही.

ते कसं ते सांगते, पण आधी तुमचं स्टेटमेंट एकदा माझ्यासोबत वाचा. बहुतेक लोक त्यातल्या दोनच गोष्टी बघतात : किमान देय रक्कम आणि शेवटची तारीख. तुम्हीही तेच केलं असणार. या कार्डावर बाकी आहे १,४०,००० आणि व्याज महिन्याला ३.६ टक्के. ‘३.६’ वाचताना किरकोळ वाटतं, वर्षाचे होतात ४३.२ टक्के. महिन्याचं व्याज झालं ५,०४०. त्यावर १८ टक्के जीएसटी, ९०७ रुपये. घरासाठी किंवा सोन्यावर घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो, कार्डाच्या व्याजावर असतो. तो धरला की वर्षाचा खरा दर एक्कावन्न टक्क्यांच्या घरात जातो. म्हणजे व्याज आणि कर मिळून ५,९४७. तुम्ही भरले ७,०००. मुद्दलात गेले १,०५३ रुपये.

आता त्याच कागदाच्या खालच्या अर्ध्या भागात बघा. पेट्रोल ५००. पेट्रोल ५००. औषधाचं दुकान ८६०. किराणा २,९४०. मोबाइल रिचार्ज ७९९. सगळे मिळून ५,५९९. फेडले हजार, चढवले साडेपाच हजार. इमानेइतबारे सात हजार भरूनही त्या महिन्यात तुमचं देणं साडेचार हजारांनी वाढलं. त्यात आणखी एक गोम आहे. कार्डावर जी पंचेचाळीस-पन्नास दिवसांची बिनव्याजी मुदत म्हणतात ना, ती मागचं बिल पूर्ण भरणाऱ्यालाच मिळते. बाकी ठेवलीत की मुदत गेली. तुम्ही १२ तारखेला भरलेल्या पाचशेच्या पेट्रोलवर १२ तारखेपासूनच व्याज चालू झालंय. किमान रक्कमच भरत राहिलात तर फेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं लांबेल आणि चक्रवाढ व्याज बसेल, हा इशारा बिलावर छापायला रिझर्व्ह बँकेने बँकांना लावलंय. तुमच्याही बिलावर तो आहे, दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरात.

तिन्ही कार्डांचा हिशोब याच दराने केला तर ३,१०,००० वर महिन्याला ११,१६० व्याज आणि २,००९ कर. तुमच्या १५,५०० पैकी १३,१६९ असेच जातात. उरले २,३३१. यात तुमचा आळस नाही की बेजबाबदारपणाही नाही. तुम्ही दर महिन्याला पगाराचा जवळजवळ तिसरा हिस्सा काढून देताय. फक्त तो देण्याच्या मुळापर्यंत पोहोचत नाहीये.

आता त्या आरडीकडे या. तुम्ही लिहिलंय, हात लावणार नाही. मी तुम्हाला तिलाच हात लावायला सांगणार आहे आणि हे वाचताना तुम्हाला वाईट वाटणार, हे मला माहीत आहे. मुलीच्या नावाने बाजूला काढलेला पैसा मोडताना बापाचा हात थरथरतो. पण बघा, एकोणीस हप्ते झालेत असं तुम्ही पुढे लिहिलंय, म्हणजे ९५,००० मुद्दल. आरडीवर वर्षाला साडेसहा-सात टक्के मिळत असतील, म्हणजे लाखाला सहा-सात हजार. त्याच वेळी कार्डावरच्या लाखाला तुम्ही वर्षाला एक्कावन्न हजार मोजताय. मुलीसाठी साठवताय असं वाटतं, पण त्याच मुलीच्या घरातून सात-आठ पट रक्कम बाहेर चाललीय. मुदतीआधी मोडल्यावर बँक व्याज थोडं कमी देईल, तरी ९८-९९ हजार हातात येतील असं धरूया.

आणि पतसंस्थेचे दोन लाख. तुमच्या पतसंस्थेचा दर १२ टक्के आहे असं लिहिलंय, तोच धरते. छत्तीस महिन्यांना हप्ता बसतो सुमारे ६,६४३. म्हणजे आरडी आणि पतसंस्था मिळून तीन लाखांच्या जरासं खाली रक्कम उभी राहते, आणि कार्डांवर उरतात अकरा-बारा हजार. तेवढे दोन महिन्यांत संपतात, कारण १५,५०० मधून पतसंस्थेचा हप्ता जाऊन तुमच्याकडे महिन्याला ८,८५७ शिल्लक राहतात. मग तिसऱ्या महिन्यापासून त्याच १५,५०० पैकी १२,००० पतसंस्थेला द्या आणि ३,५०० अडीअडचणीसाठी बाजूला टाका. हप्त्यापेक्षा जास्त भरायला चालतं ना, एवढं सचिवांना आधी विचारून घ्या. तसं केलंत तर अठरा-एकोणीस महिन्यांत दोन लाख फिटतात. आज जेवढे जाताहेत त्याहून एक रुपयाही जास्त न काढता, पावणेदोन वर्षांत सगळं मोकळं.

शिवाय आरडीचे महिन्याचे ५,००० सुटतात. हा आकडा वरच्या ५,५९९ शी ताडून बघा. दर महिन्याला तुम्ही ५,००० आरडीत टाकत होतात आणि तेवढीच तूट कार्डावर किराणा-पेट्रोल घेऊन भरत होतात. बचत उधारीच्या पैशांतून चालली होती. आता किराणा पगारातून येईल.

मग अडलंय कुठे? जामीनदारांपाशी. मी सत्तावीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच कर्ज विभागात. बारा टक्क्यांचं कर्ज समोर असताना एक्कावन्न टक्के भरणारी माणसं मी पाहिली आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना हिशोब येत नव्हता असं नाही. त्यांना कुणाला काही विचारायचं नव्हतं. कार्डाची हीच तर सोय आहे, साहेबासमोर उभं राहावं लागत नाही, कुणाची सही लागत नाही, मोबाइलवर बोट लावलं की झालं. त्या न विचारण्याचेच तुम्ही महिन्याला तेरा हजार मोजताय. पतसंस्थेत तुमच्या विभागातला कुणी ना कुणी कर्जदार असेलच, त्यालाही कुणीतरी जामीन राहिलं होतं. ज्याच्या जामीनकीवर तुम्ही सही केली असेल, त्याच्याकडे आधी जा. आणि त्याला खरं कारण सांगा. घरदुरुस्ती वगैरे नको. तुमचा हप्ता थकला तर उद्या त्याच्या पगारातून कापतील, तेव्हा कशासाठी सही करतोय हे कळण्याचा त्याला हक्क आहे.

पतसंस्थेने दोन लाख पूर्ण दिले नाहीत, तर उरलेल्या रकमेसाठी कार्डाच्या बँकेलाच फोन करा आणि बाकी हप्त्यांत बदलून मागा. ती सोय बहुतेक बँका देतात, दर बँकेगणिक वेगळा असतो, पण एरवीच्या कार्डव्याजापेक्षा बराच कमी. प्रक्रिया शुल्क किती आणि एकूण व्याज किती, हे मेलवर लेखी मागवा आणि मगच हो म्हणा.

मित्राच्या सल्ल्याबद्दल. निम्म्यावर सेटलमेंट होते, हे खोटं नाही. पण त्याआधी काही महिने थकबाकीदार व्हावं लागतं, तोवर व्याज आणि दंड चढत राहतात, फोन येत राहतात. शेवटी पैसे भरले तरी सिबिलच्या, म्हणजे प्रत्येकाच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या, अहवालात त्या खात्यापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा बसतो. कर्ज पूर्ण फेडणाऱ्याच्या खात्यापुढे ‘क्लोज्ड’ लिहिलेलं असतं. उद्या पाथर्डी फाट्याला नाहीतर सिडकोत स्वतःचं घर घ्यायला निघाल, तेव्हा बँकेचा अधिकारी त्या एका शब्दाशी थांबतो. मी स्वतः थांबलेली आहे. ज्याची नोकरी गेलीय, ज्याच्या घरात दुखणं आहे आणि ज्याच्याकडे खरंच काही उरलेलं नाही, त्याने सेटलमेंट करावी, त्यात लाज काही नाही. तुमच्याकडे पगार आहे. तुम्ही पूर्ण फेडू शकता.

त्या दुकानदाराकडे पुन्हा जाऊ नका. पन्नास हजारांमागे त्याने साडेबाराशे कापून घेतले आणि देणं होतं तेवढंच राहिलं, फक्त एका कार्डावरून दुसऱ्यावर गेलं. माल न घेता असं स्वाइप करणं कार्डाच्या अटींतही बसत नाही. एटीएममधून कार्डावर रोख काढण्याचंही तसंच, त्यावर शुल्क वेगळं आणि व्याज त्याच दिवसापासून. मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपचं तर नावच काढू नका. फोनमधले सगळे नंबर उचलून नातेवाइकांना छळणारी ॲप यात आहेत, आणि तुमच्यासारखा लपवून ठेवणारा माणूस त्यांना अलगद सापडतो.

रात्री साडेनऊच्या फोनचं मात्र तुम्ही ऐकून घ्यायला नको होतं. वसुलीसाठी सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, धमकावू नये, घरच्यांना आणि मित्रांना त्रास देऊ नये, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट बजावलंय. वसुलीवाला बँकेचा नोकर नसला तरी त्याच्या वागण्याची जबाबदारी बँकेचीच. पुन्हा फोन आला तर नाव आणि वेळ लिहून ठेवा, बँकेच्या तक्रार विभागाला मेल करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिला पैसे पडत नाहीत. चौकशीला १४४४८ हा नंबर आहे. आणि एक गोष्ट मनातून काढून टाका : कार्डाचे पैसे थकले एवढ्यावरून कुणी पोलिसांत धरून नेत नाही. ते देणं आहे, गुन्हा नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी इतकं लांबलचक लिहितेय, तिच्याकडे येते. हे सगळं बायकोला सांगितल्याशिवाय होणार नाही. आरडी मोडली की ती विचारणार. पगारपत्रकात पतसंस्थेची कपात दिसणार. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, घर ती चालवते. दहा तारखेनंतर पैसे का पुरत नाहीत, हे तिला माहीतच नसेल तर ती कशात हात आखडणार?

हे मी बँकेतली बाई म्हणून सांगत नाहीये. आमच्या घरीही असं एकदा झालं होतं. आमच्या ह्यांनी मोठ्या दिरांच्या धंद्यासाठी एका पतपेढीतून चाळीस हजार काढले होते, मला न सांगता. वर्षभर ते डब्यात दोन पोळ्या जास्त मागत होते. मला वाटायचं, भूक वाढलीय. कँटीनचे पैसे वाचवून हप्ता भरत होते ते. नोटीस आली तेव्हा मी मुलांचे गणवेश इस्त्री करत होते. चाळीस हजारांचं मला काही वाटलं नाही हो, मी रोज त्याहून मोठी कर्जं मंजूर करत होते. मला लागलं ते त्या पोळ्यांचं. वर्षभर मी माझ्या हाताने त्या लाटत होते आणि मला माहीत नव्हतं. त्यांनी तेव्हाच सांगितलं असतं, तर आम्ही दोघांनी मिळून चार महिन्यांत फेडलं असतं.

म्हणून सांगताना पूर्ण सांगा. मुलगी आजीकडे किंवा खेळायला गेली असेल अशी वेळ बघा. तिन्ही कार्डांची स्टेटमेंट छापून समोर ठेवा, मोबाइलवर दाखवू नका, त्यात बोटाने सरकवून आकडा लपवायचा मोह होतो. पहिल्या वाक्यात आकडा सांगा : ‘माझ्यावर तीन लाख दहा हजारांचं कार्डाचं देणं आहे आणि मी तुझ्यापासून लपवलं.’ ‘थोडंसं झालंय’ अशी सुरुवात नको. वडिलांच्या आजारपणापासूनही सुरू करू नका. ते कारण खरं आहे, चांगलंही आहे, पण आधी कारण आलं की ऐकणाऱ्याला वाटतं आपल्यावर दोष ढकलला जातोय. पाटल्यांचा विचार मनात येऊन गेला होता, तेही सांगा. ती रागावेल. कदाचित दोन दिवस बोलणार नाही. रागावू द्या, मध्येच समजूत घालत बसू नका. आरडी मोडायची की नाही हे मात्र तिच्याशी बोलून ठरवा, तो पैसा तिच्याही लेकीचा आहे. त्यावर ती स्वतःहून म्हणाली की आरडी राहू दे, पाटल्या ठेव, तर ती गोष्ट वेगळी. तेव्हा पेढी किंवा सावकाराकडे न जाता बँकेतून सोने तारण कर्ज घ्या, आणि पावतीवर नाव तिचं असू दे.

कार्डं मिटली की दोन बंद करा. सगळ्यात जुनं एक ठेवा, कारण जुन्या खात्याचा पतगुणांना (क्रेडिट स्कोअरला) उपयोग होतो. बाकी शून्य असताना बंद करण्याची मागणी लेखी केली की सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने कार्ड बंद करायला हवं, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला बँकेला तुम्हाला ५०० रुपये द्यावे लागतात. रिझर्व्ह बँकेचा हा २०२२ चा नियम आहे. ‘साहेब, ऑफर देतो, राहू द्या’ असा फोन येईल, नाही म्हणा. ठेवलेल्या कार्डाची मर्यादा कमी करून मागा, तुमच्या पगाराला पंचवीस-तीस हजार पुष्कळ झाली, आणि त्यातलीही तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त वापरू नका. खात्यातून आपोआप पैसे जाण्याची सोय लावाल तेव्हा ‘एकूण देय रक्कम’ निवडा. तिथे ‘किमान देय’ असाही पर्याय असतो आणि घाईत बोट नेमकं त्यावरच पडतं. तुमचा पगार सातला, एका कार्डाची मुदत चारला, हेही बदलता येतं. बिलाची तारीख बदलून मागण्याची सोय आहे, ती घ्या. सिबिलचा पूर्ण अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो काढून बंद केलेली कार्डं त्यात खरंच बंद दिसतात का ते पाहा.

कार्ड वाईट म्हणून मी हे लिहीत नाहीये. त्या रात्री हॉस्पिटलच्या काउंटरवर ९०,००० उभे करायला ते कार्डच कामी आलं आणि तुमचे वडील घरी आले. तिथे तुम्ही योग्यच केलंत. फक्त दुसऱ्या दिवशी पतसंस्थेत जायचं होतं, ते तीन वर्षं राहून गेलं.

तुमच्या पहिल्या कार्डाची मुदत १८ तारीख आहे. त्याआधी एक रविवार येतो. स्टेटमेंटं छापून आणा, घरी बोला, आणि सोमवारी जेवणाच्या सुट्टीत पतसंस्थेतून अर्ज घेऊन या. जामीनदारांच्या सह्यांची जागा त्याच्या मागच्या पानावर असते. काय ठरलं ते मला कळवा.